चाळीसची पाटी आणि पोळ्याचं तोरण

आदिलाबादला मी गेले होते कुंटालाचा धबधबा बघायला. परत आले ती एका लोखंडी खांबाचे सतरा फोटो घेऊन. धबधब्याचा फोटो एकच आहे आणि त्यातही कोपऱ्यात माझा अंगठा आला आहे. साताऱ्यात ज्यांना ज्यांना मी हे फोटो दाखवले, त्यांनी खांब पाहून माझ्या तब्येतीची चौकशी केली. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. बाजारात फिरायचं, तराजू तपासायचे, खोटं माप दिसलं की जप्त करायचं, हे माझं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खोड गेलेली नाही. भाजीवालीचा काटा शून्यावर आहे का हे पाहिल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. आमच्या आळीतले दुकानदार मला लांबून ओळखतात आणि मी दिसले की गिऱ्हाइकाशी फार गोड बोलतात.

आदिलाबाद, सोमवार

दसऱ्यानंतरचा आठवडा होता. माझी कॉलेजची मैत्रीण सुलभा चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आदिलाबादला गेली. तिच्या सासरची मंडळी निजामाच्या काळापासून तिथली. तिचे यजमान वसंतराव कॉलेजात शिकवायचे, आता घरी असतात आणि दिवसातून तीनदा चहा करतात. सुलभा मूळची सदाशिव पेठेतली, शुद्ध बोलण्याचा भारी अभिमान. ती दारातच म्हणाली, "अगं, केव्हाची वाट पाहून राह्यले मी." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला मात्र आपण काही वेगळं बोललो याचा पत्ताच नव्हता.

जेवायला सर्वपिंडी होती. तांदळाच्या पिठात शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ आणि मिरची घालून खोलगट भांड्यात थापतात, मधेमधे बोटाने भोकं पाडतात आणि खरपूस भाजतात. आपल्या थालीपिठाची ही लांबची बहीण, पण स्वभावाने जास्त कडक. सोबत अंबाडीची भाजी. मी चार सर्वपिंड्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी दोन मागून घेतल्या.

निर्मल, मंगळवार

वसंतरावांनी आठवडाभरासाठी ओळखीची गाडी ठरवली होती. गाडीवाले मारोती, वय पंचेचाळीसच्या आसपास, जैनथकडच्या एका खेड्यातले. सकाळी शाळेची व्हॅन चालवतात आणि मुलं पोचवून झाली की स्वतःची टॅक्सी. व्हॅनच्या कामातून एखादा दिवस सुट्टी घ्यायची असली तरी आधी सगळ्या आयांना फोन करतात, असं सुलभा सांगत होती.

निर्मलच्या रस्त्याला लागलो आणि माझा जीव मेटाकुटीला आला. मोठा गुळगुळीत रस्ता, दोन्हीकडे सागाचं जंगल, आणि आमची गाडी वरातीसारखी चाललेली. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून कान किटवत होते. मारोतरावांची नजर रस्त्यापेक्षा कडेला जास्त. प्रत्येक पाटी ते मोठ्यानं वाचत होते. "ऐंशी. पुढं वळन. साठ. शाळा हाय." तासभर मी हे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की मारोतराव, गाडी शिकून किती दिवस झाले?

ते हसले नाहीत. बावीस वर्षं, म्हणाले, आणि बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मग चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मोबाईल काढून दाखवला. वेगमर्यादा मोडल्याच्या तीन नोटिसा. भाद्रपदात ते एका आजोबांना डोळ्यांच्या उपचारासाठी तीनदा चंद्रपूरला घेऊन गेले होते. जैनथच्या पुढे एका गावाजवळ, एकाच ठिकाणी, तिन्ही वेळा स्पीडगननं त्यांना टिपलं होतं. मर्यादा चाळीस, गाडी साठच्या आसपास. आता शुक्रवारी त्यांची पेशी होती. पेशी म्हणजे सुनावणी. निजाम गेला, पण त्याचे शब्द कचेरीत अजून हजर आहेत. तीन गुन्हे शाबित झाले तर तीन महिने लायसन्स बंद, आणि लायसन्स बंद म्हणजे शाळेची व्हॅन दुसऱ्या कोणाकडे. एकदा गेलेली व्हॅन परत येत नसते.

"ताई, चुकलो असतो तं चुकलो म्हनलं असतं," ते म्हणाले. "पन तिथं पाटी नाई. अन् तिन्ही नोटिसा एकाच दिवशी आल्या. पयली टाइमावर येती तं दुसऱ्या खेपेले मी सांभाळून नसतो गेलो का?"

हे ऐकून मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. चार वर्षांनी एक यंत्र माझ्या तावडीत सापडलं होतं. स्पीडगन म्हणजे शेवटी मापच. ती खोटी असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

निर्मलमध्ये खेळणी पाहिली. हलक्या लाकडाची फळं इतकी हुबेहूब रंगवतात की मी घेतलेला पेरू संध्याकाळी वसंतरावांनी सुरी घेऊन कापायला काढला. त्या कारागिराच्या दुकानातला काटाही मी तपासून घेतला. बरोबर होता.

चंद्रपूरचा रस्ता, बुधवार

जैनथच्या काळ्या दगडाच्या देवळात दर्शन घेतलं आणि पुढे निघालो. सोयाबीनची मळणी चालू होती, भुसा रस्त्यावर उडत होता. कपाशीची बोंडं नुकती फुटायला लागली होती. मारोतराव अवघडून बसले होते. एक गाव आलं, त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण तसा शब्द दिला आहे. गावाच्या वेशीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, हीच जागा. मी इकडेतिकडे बघितलं. पाटी खरंच नव्हती.

पुढे तीनेकशे मीटरवर चिंचेखाली पोलिसांची गाडी उभी होती. तिथला हवालदार नरसय्या, चांगला उंचापुरा, तेलुगू माणूस, मला अम्मा म्हणाला. मी माझी ओळख सांगितली, निवृत्त हा शब्द जरा हळू उच्चारला, आणि यंत्राचं तपासणीपत्र मागितलं. तो अडवून धरेल म्हणून मी पदर खोचून तयार होते. त्यानं निमूटपणे कागद काढून दिला. तारीख चालू, शिक्का बरोबर, यंत्रावरचं सील जसंच्या तसं.

मी हार मानली नाही. रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरला दगड असतात. मारोतरावांना सांगितलं, एका वेगात गाडी चालवा, आणि घड्याळ घेऊन मी दगडांवर नजर ठेवून बसले. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर वीस सेकंद लागले. म्हणजे ताशी छत्तीस. नरसय्यानं यंत्र पाहिलं आणि म्हणाला, छत्तीस. दुसऱ्यांदा केलं. पुन्हा जुळलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. यंत्र खरं होतं, आणि मी मंगळवारभर मारोतरावांना धीर देत होते तो खोट्या भरवशावर. त्यांनी एका शब्दानं मला दोष दिला नाही, हे मला फार लागलं.

पाटी मात्र आहे, असं नरसय्याचं म्हणणं. उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला तेव्हा बसवली, फाइलमध्ये तिचा फोटो आहे. मग आम्ही तिघं पायी उलटं चालत गेलो. वेशीजवळ एक लोखंडी खांब होता. मघाशी मी तो पाहिला होता, पण मला तो नुसता खांब वाटला होता. जवळ गेल्यावर कळलं की वर गोल पत्रा आहे, पण तो रस्त्याला आडवा नसून रस्त्याच्या रेषेत फिरवलेला आहे. येणाऱ्या गाडीला दिसायची फक्त पत्र्याची कड. पाटीचं तोंड शेताकडे होतं आणि कपाशीच्या झाडांना ताशी चाळीसच्या पुढे न जाण्याची ताकीद देत होतं. नरसय्या रोज उलट बाजूनं यायचा. त्या बाजूची पाटी नीट होती, त्यामुळे ही त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

मारोतराव खांबाला हात लावून उभे राहिले. पण नरसय्या डोकं खाजवत म्हणाला, अम्मा, साहेब विचारतील की ही फिरली कधी? नोटीस आल्यावर ड्रायव्हरनंच येऊन फिरवली नाही कशावरून? मारोतरावांनी झटक्यात हात काढून घेतला.

मी खांब खालपासून वरपर्यंत पाहिला. वर, पाटीच्या जरा खाली, दोरीची एक गाठ अडकून राहिली होती. पळसाच्या सालीची दोरी, तीत आंब्याची वाळून काळी झालेली दोन पानं. ती पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे बेंदराला कर तोडतात. वेशीत आडवी दोरी बांधायची आणि बैल पळवत न्यायचे. इकडे पोळ्याला तोरण बांधतात, त्याखाली सगळ्या गावच्या जोड्या उभ्या करतात, पूजा होते आणि तोरण तुटलं की बैल घरोघर जातात. रीत वेगळी, पण दोरी बांधायला दोन्हीकडे काहीतरी भक्कम लागतंच.

गावात शिरलो. मारुतीच्या पारावर आठदहा माणसं होती. पोळ्याला तोरण कोण बांधतं, असं मी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं देवराव पाटलांकडे बोट दाखवलं. मानाची जोडी त्यांच्या घरची. तोरणाचं टोक कशाला बांधता, असं विचारलं तेव्हा सगळे इकडेतिकडे बघायला लागले. नरसय्याची खाकी पाहून दोघं उठून गेलेसुद्धा.

देवराव पाटलांनी मात्र आम्हाला घरी नेलं. त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी जवारीची भाकर, बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आणि ठेचा वाढला. कामासाठी आलो आहोत म्हणून मी आढेवेढे घेतले, ते कोणी ऐकून घेतले नाहीत. जेवताना सगळी हकीकत बाहेर पडली. पिढ्यान्‌पिढ्या तोरणाचं एक टोक वेशीतल्या कडुनिंबाला बांधायचे. रस्ता रुंद करताना निंब गेला आणि त्याच जागी हा खांब आला. पोळ्याच्या दिवशी दोरी त्यालाच बांधली. पण मानाच्या बैलाच्या डोक्यावर मखर, म्हणजे उंच सजवलेला मुकुट असतो, आणि ते मखर पाटीच्या पत्र्याला अडकायला लागलं. मखर वाकडं झालं तर वर्षभर गावाच्या जिवाला घोर. तेव्हा पाना आणून दोन नट ढिले केले आणि पाटी बाजूला फिरवली. मग तोरण तुटलं, बैल घरी गेले, पुरणपोळ्या झाल्या, आणि पाटी परत फिरवायची राहून गेली. बैलांपुढे पाटीची आठवण कोणाला राहणार?

त्यांच्या सूनबाई रेखा यांनी मोबाईलवर पोळ्याचा व्हिडिओ लावला. झूल घातलेले बैल, डफडं, आणि मागे खांबावर चढून पाना फिरवणारे खुद्द देवराव. पोळ्याची तारीख सगळ्या जगाला ठाऊक असते. मारोतरावांची पहिली खेप त्यानंतर आठ दिवसांनी झाली होती. हा व्हिडिओ पेशीत दाखवला की काम फत्ते, असं मी म्हणाले. देवरावांनी मोबाईल सुनेच्या हातातून घेतला आणि उशाखाली ठेवला. सरकारी पाटी, आपल्या नावानं मिसल, म्हणजे फाइल, तयार होईल, कोर्टकचेरी लागेल, असं ते पुटपुटले. त्यांची भीती खोटी नव्हती. मला जोर करता येईना.

अनुसयाबाई दारात भाकरीची परात घेऊन उभ्या होत्या.

"आपल्या बैलासाठी पाटी फिरवली," त्या म्हणाल्या, "अन् लाइसन त्याचं काऊन जावं?"

देवराव खाली मान घालून बसले. पाहू, एवढंच म्हणाले. आम्ही निघालो.

कुंटाला, गुरुवार

धबधबा छान आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत. माझं लक्ष नव्हतं आणि मारोतरावांचं तर नव्हतंच. खडकावर बसून त्यांनी शाळेच्या मुलांची नावं कोणत्या थांब्यावर कोण चढतं त्या क्रमानं मला सांगितली. परतीच्या वाटेवरही ते प्रत्येक पाटी वाचत होते, फक्त मनात.

आदिलाबाद, शुक्रवार

पेशी अकराला होती. मी, सुलभा आणि वसंतराव साडेदहालाच कचेरीत जाऊन बसलो. वसंतरावांनी दरखास्त, म्हणजे अर्ज, तेलुगूत लिहून दिली होती, खांबाचे फोटो जोडले होते. अकरा वाजले तरी गावातून कोणी आलं नाही.

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. त्यांनी फोटो पाहिले आणि नरसय्यानं सांगितलेलाच प्रश्न विचारला. पाटी फिरलेली आहे हे मान्य, पण केव्हापासून? मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मी उभी राहिले. मला अधिकार काहीच नव्हता, पण साहेबांनी बोलू दिलं. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी सांगितलं, की तुमचं यंत्र मी स्वतः तपासलं आहे आणि ते बिनचूक आहे. पण माझ्या नोकरीत एक नियम होता. काटा कितीही खरा असो, तो गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. काट्याचं तोंड दुकानदाराकडे असेल तर मी खऱ्या काट्याच्या दुकानदारालाही सोडत नसे. न दिसणाऱ्या मापानं कोणाला मोजू नये. रस्त्यावर तो काटा म्हणजे पाटी. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना ते पटलेलं दिसत होतं, पण तारखेचा पुरावा हवाच होता.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. देवराव पाटील पुढे, मागे अनुसयाबाई, रेखा आणि गावातली दहाबारा माणसं, सगळ्यांचे धुतलेले कपडे. शिपाई अडवायला गेला, तोवर ती सगळी आत होती.

"सायब, पाटी आमी फिरवली," देवराव म्हणाले. "या मानसानं पाटीले हातबी लावला नाई. जे लिवाचं ते आमच्या नावानं लिवा."

मागचा एक जण म्हणाला, पाना माझा होता. दुसरा म्हणाला, खांब मी धरला होता. एकामागून एक सगळे कबुली द्यायला लागले, आणि साहेबांना कोणाचं नाव लिहावं कळेना. रेखानं व्हिडिओ लावला. साहेबांनी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्यांनी पाटीवरची नजर काढून बैलाकडे नेली आणि जोडी कुठून आणली म्हणून विचारलं. देवराव माझ्या कानात म्हणाले, की दोन दिवस घरात त्यांच्याशी कोणी धड बोललं नव्हतं, त्यांच्यापेक्षा बैलाशी जास्त बोलत होते. साक्षीला आलेल्या नरसय्यानंही उभं राहून सरळ सांगितलं, की पाटी तपासायला हवी होती, ती त्याच्याकडून राहिली.

निकाल दहा मिनिटांत लागला. मारोतरावांच्या तिन्ही नोटिसा रद्द. त्यांच्याच नव्हे, तर पोळ्यापासून त्या ठिकाणी त्या बाजूनं टिपलेल्या प्रत्येक गाडीच्या नोटिसा रद्द करायच्या, तसं साहेबांनी तिथंच लिहून घेतलं. यापुढे नोटीस लगेच गेली पाहिजे आणि स्पीडगन लावण्याआधी हवालदारानं दोन्ही बाजूंच्या पाट्या डोळ्यांनी पाहिल्या पाहिजेत, हेही. गावाला त्यांनी एकच शिक्षा दिली. पाटी आजच सरळ करायची आणि तोरणासाठी वेशीत आपला स्वतंत्र खांब रोवायचा.

मला वाटलं आता मारोतराव निघतील. ते हात जोडून म्हणाले, सायब, पाटी चाळीसचीच राहू द्या, तिथं गुरं रस्ता ओलांडतात, अन् मला दिसती तं मी तीसनं गेलो असतो. अनुसयाबाईंनी पदराला डोळे पुसले. सुलभानं कचेरीच्या अंगणात ट्रॅक्टरवरच्या सगळ्यांना पेढे वाटले आणि शिपायालाही दोन दिले. मी एकतीस वर्षांत पुष्कळ खटले जिंकले, पण अशी छाती कधी फुगली नव्हती.

पुन्हा तीच वेस, शनिवार

परतीची गाडी मी मुद्दाम चंद्रपूरहून धरली. वेशीजवळ आलो तर लांबूनच पाटी दिसली. लाल कडा, मध्ये चाळीस, तोंड आमच्याकडे. कोणीतरी तिला झेंडूची माळ घातली होती, आकडा झाकणार नाही अशी. पलीकडे नवा सागाचा खांब रोवलेला, माती अजून ओली. मी गाडीतून उतरले आणि सतरा फोटो काढले.

पुढे निघालो तर रस्त्यात देवराव पाटील. मानाची जोडी गाडीला जुंपून, झूल घालून, ते आमच्या पुढे चालले होते. हॉर्न वाजवायची मारोतरावांची टाप नव्हती. मागे दोन ट्रक, एक बस, एक टेंपो, सगळे बैलांच्या चालीनं. कडेला गाव उभं होतं, डफडं वाजत होतं.

नरसय्या आज चिंचेखाली नव्हता. त्यानं आपली गाडी उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी लावली होती. त्यानं यंत्र उचललं, आमच्यावर रोखलं, आणि मारोतरावांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मग नरसय्यानं यंत्राचा पडदा फिरवून आमच्याकडे केला, अगदी गिऱ्हाइकाला काटा दाखवतात तसा. त्यावर चारचा आकडा होता. मारोतरावांनी तो पाटी वाचावी तसा मोठ्यानं वाचला.